खुर्च्यांचा हिशेब

खाण बंद झाली तेव्हा
पगारपत्रक लिहिणारा हात माझा होता,
आणि लिहायला नावंच उरली नव्हती.
पाळक बेसा दारात येऊन म्हणाले,
कसोंदे, विश्वास ठेव वा नको ठेवूस,
बेरीज तेवढी ठेव.

लुआन्श्यात त्या वर्षी तांब्याला भाव नव्हता,
माणसाची तर गोष्टच सोडा.
जकारांडाची फुलं रस्त्यावर पडून काळी व्हायची,
झाडणाऱ्यांनाही घरी पाठवलेलं.

आमचं चर्च म्हणजे निलगिरीचे सहा खांब,
वर मक्याच्या पोत्यांचं शिवलेलं छत
आणि एकशेवीस निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या.
रविवारी लोक त्यांच्यावरून उठायचे,
थरथरायचे, न शिकलेल्या भाषांत बोलायचे.
मी मागे बसून डोकी मोजायचो.
मला कधीच ती भाषा आली नाही.
आकडे यायचे.

सोमवारी खुर्च्या भाड्याने जायच्या.
लग्नाला, बारशाला,
निवडणुकीत दोन्ही पक्षांना, एकाच दिवशी, वेगवेगळ्या वेळी.
मयताला अर्धा दर.
त्या वर्षांत अर्ध्या दराचीच पानं भरली.
त्या पानांतून दीड वर्षानं
मका दळायची गिरणी आली, जुनी, किटवेहून,
ट्रकच्या मागे दोराने बांधलेली,
आणि बायका तिच्यापुढे अशा गायल्या
की पाळकांचं प्रवचन राहूनच गेलं.

मुसोंडा, ड्रिल चालवायचा तो,
साक्ष द्यायला उभा राहिला.
म्हणाला, मी एक अख्खं घर प्यायलो,
पत्र्या-पत्र्यानं.
कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या घरी कुणीतरी काहीतरी प्यायलं होतं.
माझ्या वहीत पुढच्या मार्चपासून
त्याच्या नावापुढे पत्रे आहेत:
एक. एक. मग तीन महिने काहीच नाही.
मग दोन.

आता हेही लिहितो, कारण तेही मीच लिहिलं होतं.
लुसाकाहून एक संदेष्टा आला, पांढरे बूट,
बी पेरा म्हणाला, देव शंभरपट देईल.
बाना कापेम्ब्वानं, म्हणजे कापेम्ब्वाच्या आईनं,
शिलाई मशीन विकून पैसे वाहिले.
पावतीवर सही माझी.
संदेष्टा रात्रीच गेला.
कापेम्ब्वा एक सत्र शाळेबाहेर,
गिरणीशी पिठानं पांढरी होऊन उभी असायची,
माझ्याकडे बघायची नाही.

बायका काही बोलल्या नाहीत.
फक्त बचतीची पेटी बदलली.
नवी पेटी लोखंडी, तिला तीन कुलपं,
तीन किल्ल्या तीन घरांत,
एकही पाळकाच्या घरात नाही.
पाळक बेसा हसले.
मग दोन रविवार हसले नाहीत.
तिसऱ्या रविवारी दशमांशाचा हिशेब
त्यांनी स्वतः उभं राहून वाचला,
त्यांच्या गाडीच्या टायरांसकट.
पेटीतलं पहिलं कर्ज शिलाई मशीनचं.

परवा एक तरुण आला, कुठल्याशा विद्यापीठाचा,
हातात प्रश्नावली.
चर्चमुळे विकास झाला का?
हो, नाही, सांगता येत नाही,
एका चौकटीत खूण करा.
मी चष्मा पुसला.
बाहेर गिरणी चालू होती,
मागच्या ओळीत कुणीतरी एकटंच
हलक्या आवाजात त्या भाषेत बोलत होतं,
आणि मला त्यातला एक शब्द
पहिल्यांदाच ओळखीचा वाटला, किंवा तसं वाटलं फक्त.

पेन बंद करून मी म्हणालो, आधी बसा.
खुर्ची पुढे ओढली, एक्केचाळीस नंबरची.
तिचा मोडका पाय मुसोंडानं
तांब्याच्या तारेनं बांधलाय.
जपून, म्हणालो,
डावीकडे जरा कमी भार द्या.